पारावरचा मी, घरोघरची ती

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चिंच फोडली.

सांगलीत विश्रामबागेत पोराचं घर आहे, त्याच्या मागच्या अंगाला रविवारी सकाळी पोतं अंथरून बसलो होतो. टरफलं काढून शिरा ओढायचं काम माझं. बायको चिंच दगडावर धरून हातोडीनं ठोकायची आणि चिंचोके बाजूला उडवायची. त्यातले निम्मे माझ्या अंगावर.

“ह्यात शिरा राहिल्यात,” ती म्हणाली. “जनमभर ट्रक चालवला, पर एक शीर दिसंना तुमास्नी.”

“ट्रकाला शिरा नसत्यात.”

“वायरी असत्यात की. त्या बऱ्या दिसत हुत्या.”

मी पुढची चिंच हातात घेतली. थोड्या वेळानं हातोडी थांबवून तिनं विचारलं, “आवं, पोराच्या त्या मतदानाचा निकाल उद्या कळनार न्हवं?”

“उद्या पहाटंच्या टपालात.”

“तुमचा पार हरनार बगा.”

“हरतोय कशाला. तुजं टपाल तूच पाडलंस, आभार मानून मानून.”

ती हसली आणि पुढचा चिंचोका माझ्याकडं जरा नेम धरूनच उडवला. आमच्यातलं शेवटचं भांडण ते हेच. ते कशावरून होतं हे सांगितलं तर लोक म्हणतील बायको गेल्यावर म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण झालं तसं सांगतो.

आमचा पोरगा काँप्युटर शिकवतो. पुढच्या खोलीत मशिनं मांडून क्लास काढलाय. मी चौथी पास. फौजेत गाडी चालवली, पेन्शनीत आल्यावर साखर कारखान्याला ऊस ओढला. त्या मशिनातलं मला काही कळत नाही, आणि कळतंय असं मी दाखवतही नाही. एवढं कळलं होतं की काँप्युटरला कामाला लावायच्या भाषा असतात आणि त्यातल्या एकीवर पोराचं मन बसलंय. ती त्याला कुठल्या कॉलेजात कोणी शिकवली नव्हती. जगभरातले तिचे वेडे एकमेकांना काँप्युटरवरनं टपाल लिहायचे, त्यातनं हा शिकला. एकानं आपलं अडलेलं लिहिलं की ते सगळ्यांच्या घरी पोचायचं. ज्याला उत्तर येतंय तो लिहायचा, तेही सगळ्यांच्या घरी. ह्याला ते लिस्ट म्हणत. सांगलीत बसलेल्या पोराला शाळा म्हणा, दोस्तमंडळी म्हणा, सगळं तेवढंच होतं.

ती लिस्ट बंद करायचं घाटत होतं. काही जणांचं म्हणणं, हे घरोघर वाटणं पुरे झालं, वेबवर एक फोरम काढू. ज्याला बोलायचंय त्यानं तिथं यावं, वाचावं, लिहावं आणि आपल्या वाटेनं जावं. हिवाळाभर ह्याच्यावर भांडण चाललं होतं, आणि गंमत अशी की ते सगळं भांडणही त्या टपालातनंच घरोघर येत होतं.

“म्हंजे ही भाषा बोलत कोन न्हाई,” मी पोराला म्हणालो, “आन तिच्यावर बोलायला बसायचं कुठं ह्याच्यापायी जगभर मारामारी.”

“तसंच आहे, आबा,” पोरगा म्हणाला. तो खरं बोलतो, आईवर गेलाय.

मला फोरम ऐकताक्षणी पटला. माझं गाव विट्याकडं. फौजेतनं सुट्टीवर आलो की मी पारावर बसायचो. कोणाच्या दारात गेलो नाही. ज्याला माझ्याशी बोलायचंय तो तिथं येणार, ज्याला नाही तो समोरनं निघून जाणार, कोणाला कोणाचा त्रास नाही. सोनं गाळायला परमुलखात गेलेली आमच्याकडची माणसं सणाला गावी आली की पाय आधी पाराकडं वळायचे, मग घराकडं. एका जागी बसून सगळं गाव कळायचं. फोरम म्हणजे पार, मी म्हणालो, आणि माझं मत देऊन टाकलं. मला कोणी विचारलं नव्हतं.

ती शिराळ्याची. नागपंचमीला तिच्या माहेरी घर पाहुण्यांनी भरून जायचं, आणि त्याला कारण पंचमी नव्हे, तिची आई. ती बाई कितीतरी दिवस आधीपासनं घरोघर बोलावणं करत फिरायची.

“पारावर सांगितलेलं पारावरच ऱ्हातंय,” ही मला म्हणायची. “दारात जाऊन सांगितलं की मानूस हलतंय.”

विश्रामबागेत राहायला आलो तेव्हा आजूबाजूला सगळी नोकरदार मंडळी. फाटकं लावलेली. मी आमच्या फाटकाजवळ खुर्ची टाकून बसलो, म्हटलं येतील हळूहळू. एक कुत्रं आलं, तेवढंच. तिनं काय केलं, शेजारी वाटीभर आमटी पाठवली. वाटी परत आली ती चकल्या घेऊन. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, मूठभर साखर का असेना, घालून द्यायची. तेवढ्या एका नियमावर ती आख्खी गल्ली चालवायला लागली. वर्ष सरायच्या आत आमच्या फळीवर आमच्या वाट्या कमी आणि लोकांच्या जास्त झाल्या. कोणाची सून बाळंतीण झाली, कोणाची बदली आली, हे मला खुर्चीवर बसून कधी कळलं नाही. ते वाट्यांबरोबर मागच्या दारानं यायचं.

पण ती टपालाच्या पार्टीत गेली ती वाट्यांमुळं नव्हे, फोनमुळं.

घरात फोन एक. पोरगा पहाटे उठून मशीन फोनला जोडायचा. ते तेल न घातलेल्या चरकासारखं किंचाळायचं, सगळं टपाल ओढून घ्यायचं, की फोन मोकळा. मग दिवसभर निवांत वाचायचं. फोरमचं तसं नाही. तिथं जाऊन बसावं लागतं, आणि बसलाय तोवर फोन अडकलेला. आमची लेक साताऱ्याला दिलीय. सासरचं खटलं मोठं, फोनवर निवांत बोलायला तिला रविवारची सकाळच मिळते. एका रविवारी पोरगा नमुन्याचा फोरम बघत बसला आणि तिकडं लेकीनं सकाळभर नंबर फिरवला. लागेना. शेवटी शेजारच्या बँकेतल्या बाईंकडं फोन करून तिनं विचारलं, आई बरी आहे ना.

त्या दिवशी ही पुढच्या खोलीत गेली आणि पोराच्या खुर्चीमागं उभी राहिली.

“ह्या पारावर बसायला माज्या लेकीचा आवाज दिऊ व्हय?” एवढंच म्हणाली. चिडली नव्हती. चिडली असती तर दुपारपर्यंत मिटलं असतं.

पोराचा एक दोस्त साताऱ्याला कॉलेजात मास्तर होता. आमच्या दोन जिल्ह्यांत ती भाषा येणारी ही दोनच डोकी, त्यामुळं पोराला त्याचं भारी अप्रूप. तो फोरमवाला. एकदा कंदी पेढे घेऊन आला आणि पेढ्यांच्या जोरावर बोलायला लागला.

“काकू, लिस्टवर तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. नव्या माणसाला जुनं दिसत नाही, म्हणून तो परत विचारतो. फोरमवर एकदा विचारलं की तिथंच राहतं. मागनं येणाऱ्याला सापडतं.”

“मग परत सांगायचं,” ही म्हणाली. “नवी सून पुरनाचं इचारती, तवा सासू काय म्हनती? थोरलीला सांगितलंय, जा भिताडावर बघ?”

“असंच म्हनती सासू,” मी म्हणालो.

“तुमची आई म्हनायची. मी म्हनत न्हाई.”

मास्तर हसला, पण सोडेना. “शिवाय रोज ढीगभर टपाल येऊन पडतं, काकू. आपल्याला नको असलेलंही.”

“नगं आसलं तर न्हाई वाचायचं. दारात आलेल्याला पानी द्यावं लागतंय, पंगतीला बसवाया लागत न्हाई.” मग तिनं त्याच्यापुढं चहा ठेवला आणि विचारलं, “तुमच्या कालिजात फोन किती हायती?”

“आहेत बरेच,” मास्तर म्हणाला.

“मग झालं की. ज्येच्या घराम्होरं पार, त्येला पार जवळच वाटनार.”

माझ्या पार्टीचा एवढा शिकलेला माणूस पडला म्हटल्यावर मला बोलणं भाग होतं. “अगं, पारावर म्हातारं मानूस बसलेलं असतंय,” मी म्हणालो. “कुनी इचारलं तर चार गोष्टी सांगतंय. घरोघर हिंडाय त्येचं पाय ऱ्हायलेत का?”

“तुमच्या पायास्नी काय झालंय? दारात जायाची लाज वाटती तुमास्नी. सरळ म्हना की तसं.”

मास्तरनं माझ्याकडं बघितलं. मी पेढा खाल्ला.

पोरानं ते सगळं इंग्रजीत करून लिस्टवर टाकलं. आईचं म्हणणं म्हणून टाकलं. माझं टाकलं नाही, आणि विचारलं तर म्हणाला, तुमच्या बाजूनं लिहायला बरेच आहेत. थोड्याच दिवसांत उत्तरं यायला लागली. कुठल्या कुठल्या देशातले लोक, सगळे घरी एकच फोन असलेले. एकानं लिहिलं होतं, माझी आई मशिनाजवळ उभी राहून अगदी हेच म्हणते, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. पोरगा वाचून मराठीत सांगायचा आणि ही भाकरी थापता थापता ऐकायची.

“मग तू काय लिवलंस त्येला?”

“काही नाही. वाचलं.”

तिचे हात थांबले. “आरं, त्यानं वाटी भरून धाडली आन तू ठिवून घेतलीस? रिकामीबी परत न्हाई दिलीस? एकेकाला लिही. निदान धन्यवाद तरी लिही.”

“आई, लिस्टवर असं करत नाहीत.”

“इथंबी करत न्हवते,” ती म्हणाली. “मी लावली सवय.”

पोरगा आईच्या शब्दाबाहेर नाही. बसला, आणि ज्यानं ज्यानं लिहिलं होतं त्याला त्याला आईतर्फे एकेक धन्यवाद लिहिला. ती मागं उभी राहून कोणी राहिला नाही ना बघत होती. आता लिस्टची गंमत अशी, की एकाला दिलेलं उत्तर सगळ्यांना जातं. जगभरची माणसं सकाळी उठली आणि बघतात तर पेटीत सांगलीचे धन्यवाद. त्याच्याखाली परत धन्यवाद. आत दुसरं काही नाही. लोक भडकले. एकानं तर लिहिलं, बघा, ह्याचसाठी फोरम पाहिजे. साताऱ्याच्या मास्तरचा फोन आला, “काकूंना म्हणावं पेढे एकदाच आणले होते, धन्यवाद पुष्कळ मिळाले.”

पोरानं हे सगळं सांगितलं तेव्हा तिनं पदराला हात पुसले.

“धन्यवादाचा राग येतोय लोकास्नी?”

“घरोघर रिकाम्या वाट्या वाटल्यास तू,” मी म्हणालो. हे वाक्य मला फार आवडलं. त्यानंतर मी ते बहुतेक रोज वापरलं.

पण तिचा जीव खालीवर होत होता. मतदान सुरू झालं होतं, आणि आपल्या धन्यवादांनी मतं फिरली असतील असं तिच्या मनानं घेतलं. पहाटे मशीन किंचाळून थांबलं की ती दारात जाऊन उभी राहायची. “काय म्हनत्यात रं? फिरली का?” पोरगा म्हणायचा, कळत नाही. मग ती फोनकडं बघायची, जणू तोच कुठं बदलून चाललाय.

त्या शेवटच्या रविवारी सकाळी फोन वाजला. लेकीचा. ही उभ्यानंच बोलत होती, एका हातात वायर गुंडाळत. मला ऐकू आलं ते असं, आज चिंच फोडतोय, निम्मी तुला ठेवते, ह्यांच्या हातची हाय तवा शिरा बघून घे. आणि मग हळू आवाजात, “फुडच्या रविवारी न्हाई लागला फोन, तर घाबरू नगंस. शेजारच्या बाईंकडं कर. मी जाऊन बसंन तिथं.”

फोन ठेवून आम्ही मागं जाऊन बसलो, आणि वर सांगितली ती चिंच फोडली.

उन्हं अंगावर यायला लागली तसे उठलो. फोडलेली चिंच तिनं परातीत ठेवली, मीठ उद्या लावू म्हणाली. जेवलो. ती आडवी झाली. चहाच्या वेळी मी हाक मारली, चहा तीच करते म्हणून. परत मारली. मग आत गेलो.

डॉक्टर आला आणि त्यानं जे सांगितलं ते सांगायला डॉक्टर लागत नव्हता. पोरानं साताऱ्याला फोन लावला. दिवेलागणीला लेक पोचली, मग हिला स्मशानात नेलं.

निकालाचं आधी सांगून टाकतो. ते टपाल पोरानं तेरावा झाल्यावर काढलं. फोरम निघाला. पण ज्याला पाहिजे त्याला फोरमवरचं सगळं टपालानं घरपोच मिळेल, आणि त्यानं घरनं लिहिलेलं फोरमवर लावलं जाईल, असंही ठरलं. म्हणजे पारही झाला आणि बोलावणंही राहिलं. आम्हा दोघांत कोणी हरलं नाही. ती असती तर हे मान्य करायच्या आधी आम्ही आणखी एक हिवाळा भांडलो असतो. पोरानं लिस्टवर एक ओळ लिहिली, आई गेली म्हणून. त्यावर लोकांनी लिहिलं ते सगळं सगळ्यांच्या पेटीत गेलं असणार. त्या वेळी कोणी कुरकुरलं नाही.

पण दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायची राहिली.

पहाटे मशीन किंचाळलं नाही, त्यानंच मला जाग आली. घर पाव्हण्यांनी भरलेलं. शेजारच्या बायकांनी फाटकातनं चहा आणि भाकरी-पिठलं आणून दिलेलं, म्हणजे भांड्यांत आणखी भर. मी स्वयंपाकघरात गेलो. फळीवर लोकांच्या वाट्या पालथ्या घालून ठेवलेल्या होत्या. कुठली कोणाची हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं, पण स्टीलच्या वाट्यांवर नावं घातलेली असतात, तेवढं मला वाचता येतं. परातीतली चिंच तशीच होती. मी मिठाची बरणी काढली, खाली बसलो आणि मीठ लावून गोळे करायला लागलो.

लेक येऊन उभी राहिली. “आबा, काय करताय?”

“लोकांच्या वाट्या परत द्याच्या हायत.”

तिनं भावाला बोलावलं. तो आला, मुंडण केलेला. “आबा, सुतक आहे,” तो म्हणाला. “आपल्या घरचं कोणी घेणार नाही. आणि आपण कोणाच्या दारात जायचं नसतं.”

“मग रिकाम्या देऊ?”

तो बहिणीकडं बघायला लागला.

“सुतक काल दुपारपास्नं हाय,” मी म्हणालो. “चिंच सकाळची हाय.”

लेक खाली बसली आणि माझ्या बाजूची चिंच पुढं ओढून शिरा बघायला लागली. एक-दोन निघाल्या, त्या तिनं न बोलता बाजूला ठेवल्या.

वाट्या पिशवीत घालून मी बाहेर पडलो. पहिलं फाटक बँकेतल्या बाईंचं, लेकीचा फोन ज्यांनी घेतला होता त्यांचं. इतकी वर्षं शेजारी राहून त्या फाटकाला मी हात लावला नव्हता. कडी वरच्या अंगाला आहे हे कळायला जरा वेळ लागला. बाई बाहेर आल्या. आत जायचं नव्हतं, शिवायचं नव्हतं, म्हणून वाटी मी फाटकाच्या खांबावर ठेवायला गेलो, तोवर त्यांनी हात पुढं करून माझ्या हातातनं घेतली.

“तुमची वाटी,” मी म्हणालो.

त्यांनी आत बघितलं. “काकूंनी फोडलेली?”

“फोडली तिनं. शिरा मी काढल्या. राहिल्या असत्याल.”

त्या वाटी धरून तशाच उभ्या राहिल्या. पिशवीत अजून वाट्या होत्या. मी पुढची वाटी काढली, तिच्यावरचं नाव पुढच्या फाटकावरच्या पाटीशी जुळवून बघितलं, आणि कडी वाजवली.